निसर्ग, व्यक्ती, वस्तू, इतर

गच्चीतलं पाणी जायचं भोक बुजवायला जुन्या बनियनसारखी दुसरी वस्तू नाही. टॉवेल सुटतो, पोतं कुजतं, प्लॅस्टिकची पिशवी ऐन वेळी दगा देते. बनियन मात्र भोकात शिरली की घरच्यासारखी बसते.

माझ्या मेहुण्यांकडे एक म्हैस होती.

"ओळखा."

खिळा ठोकण्याआधी भिंत बोटानं वाजवून बघावी, हे सगळे सांगतात. खिळा ठोकून झाल्यावर सांगतात.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या मते आत्म्याचा रंग पांढरा असतो.

सतरंजीवर पडलेला नारिंगी रंग निघत नाही. मी बरेच प्रयत्न केले असं सगळ्यांना सांगतो. एकही केलेला नाही.

हॉलच्या कचेरीतल्या अर्जावर चार चौकोन आहेत. निसर्ग, व्यक्ती, वस्तू, इतर. खूण एकावरच करायची, निळ्या शाईनं.

या सगळ्याचा एकमेकांशी काही संबंध आहे, असं मला कुणी तेव्हा सांगितलं असतं तर मी त्याला आधी बसायला खुर्ची दिली असती आणि मग त्याच्या घरी फोन केला असता.

*

काम अगदी साधं होतं. चार ओळी लिहायच्या होत्या.

माझ्या बायकोनं उतारवयात चित्रकलेचा क्लास लावला. क्लास एका शाळेत भरायचा, शनिवारी दुपारी, पहिलीच्या वर्गात. बाकं पहिलीच्या मुलांची, त्यामुळे सगळ्या विद्यार्थिनी गुडघे हनुवटीला लावून चित्रं काढायच्या. बराच काळ तिनं केळी काढली. मग केळी आणि सुरई. मग नुसती सुरई, कारण केळी आम्ही खाल्ली होती. आणि मग अचानक, कुणी सांगितलं नसताना, घरी बसून, पुढच्या खोलीत सतरंजीवर कॅनव्हास टेकवून, हे चित्र.

हे म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण पुढे सगळी भानगड त्याचीच आहे. आडवं चित्र. वर नारिंगी, खाली नारिंगी, मधे एक पिवळा गोळा, तोही अर्धा वितळलेला. खालचं नारिंगी हलतंय, म्हणजे ते पाणी. दोन्ही कडांना उभे करडे पट्टे. पाणी संपतं तिथे एक काळपट आडवी रेघ आणि त्या रेघेवर दोनतीन ठोकळे. उजवीकडे, पाण्यात, एक काळा गोळा. त्याच्या शेजारी एक बारीक उभी काठी. आणि काळ्या गोळ्याला चिकटून एक पांढरा ठिपका. रंग ब्रशनं लावलेला नाही, पातळ सुरीनं थापलाय, पावाला लोणी थापावं तसा. मी वजनमापे खात्यातून निवृत्त झालोय, तेव्हा अंदाजानं बोलायची मला सवय नाही. पण त्या कॅनव्हासवर निदान पाव किलो रंग असावा.

चित्र पूर्ण झालं त्या दिवशी तिनं मला बोलावलं आणि विचारलं, हे कुठलं आहे?

मी म्हटलं, समुद्र.

ती म्हणाली, "नाही. ओळखा."

मी म्हटलं, तळं. नाही. नदी. नाही. धरण. तिला हसू आलं, मग खोकला आला, मग ती पाणी प्यायला आत गेली. त्यानंतर हा आमचा खेळच झाला. जेवताना मी मधेच म्हणायचो, खाडी. ती मान हलवायची. एकदा मी चिडून म्हटलं, मग सांगून टाक ना. तर म्हणाली, "नीट बघा आधी. तुम्ही बघत नाही, तुम्ही तपासता." मला वाटलं, सांगेल कधीतरी. घाई काय आहे.

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. सांगायचं राहिलं.

*

क्लासच्या बाईंचा फोन आला की दरवर्षीप्रमाणे प्रदर्शन भरवतोय आणि यंदा तुमच्या घरचं चित्र लावायचं आहे. बाई वयानं माझ्या मुलीएवढ्या, बोलायला गोड आणि कामाला कडक. त्यांनी सांगितलं की प्रत्येक चित्राखाली एक कार्ड असतं. त्यावर नाव आणि चित्राचा अर्थ, चार ओळींत. बाकीच्या चित्रकार आपापलं लिहितात. तुमचं तुम्हालाच लिहावं लागेल, काका.

मी फोन ठेवला आणि लगेच लिहूनही टाकलं. सरकारी नोकरीत मी चार ओळींच्या नोटिसा लिहूनच केस पांढरे केलेत.

*सूर्यास्त. पाण्यावर.*

बाईंनी कार्ड परत पाठवलं. म्हणाल्या, ते आम्हाला दिसतंच आहे. त्यांना काय म्हणायचं होतं?

आता हा प्रश्न परक्या बाईनं विचारायला नको होता. पस्तीसएक वर्षं एका घरात राहिलेल्या माणसाला त्याच्या बायकोला काय म्हणायचं होतं हे विचारू नये. तो सांगतो म्हणून बसतो. मी म्हटलं, दोन दिवसांत सांगतो. आणि मनात ठरवलं, हे आपण ओळखायचं. स्वतः. दुसऱ्या कुणाच्या तोंडून मला ते ऐकायचं नव्हतं. हरलो असतो तरी मला तिच्यासमोर हरायला चाललं असतं. दुसऱ्या कुणी जिंकलेलं चाललं नसतं.

नेमकी हीच गोष्ट मी खालच्या मजल्यावरच्या मॅनेजरांना बोलून गेलो.

*

मॅनेजर बँकेतून निवृत्त झालेले. आमच्या डोक्यावर गच्ची, आमच्या पायाखाली मॅनेजर. त्यांना कुठल्याही विषयावर मत मागावं लागत नाही, ते सोबतच घेऊन फिरतात. ते वर आले, चित्रासमोर पाठीमागे हात बांधून उभे राहिले, दोन पावलं मागे गेले, टीपॉयवर आपटले आणि म्हणाले की ही होडी आहे. काळा गोळा म्हणजे होडी, काठी म्हणजे डोलकाठी. मागचे ठोकळे म्हणजे बंदरातली मोठी जहाजं. एकटी होडी मोठ्या जहाजांपासून लांब चालली आहे. कडेचे करडे पट्टे म्हणजे दोन्ही बाजूंनी येणारं वादळ. अर्थ उघड आहे.

काय अर्थ आहे, ते त्यांनी सांगितलं नाही. उघड गोष्टी ते सांगत नाहीत.

मग वहिनी आल्या. वहिनी म्हणजे मॅनेजरांच्या पत्नी. माझ्या बायकोची सगळ्यात जवळची मैत्रीण. शेवटी शेवटी तिच्या तपासण्यांना, डॉक्टरांकडे, सगळीकडे त्याच सोबत जायच्या. त्यामुळे त्यांच्या मताला मी मॅनेजरांच्या मतापेक्षा जास्त वजन देतो, आणि वजनाच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा असतो. त्या चित्राच्या अगदी जवळ गेल्या. मग पांढऱ्या ठिपक्यापाशी बोट नेऊन म्हणाल्या, भाऊजी, हा आत्मा आहे. काळं आहे ते शरीर. आता सुटणार आहे ते. तिला सगळं ठाऊक होतं हो.

मॅनेजर म्हणाले, होडीत आत्मा कशाला येईल. वहिनी म्हणाल्या, तुम्हाला सगळीकडे जहाजंच दिसतात, आयुष्यात कधी टबात पाय घातला नाहीत. यावर दोघं भांडत खाली गेले आणि मला त्यांचा हेवा वाटला. भांडणाचा नव्हे. एकाच जिन्यावरून उतरण्याचा.

दुसरा मसुदा:

*मावळत्या दिवसाच्या साक्षीनं एक नौका (किंवा आत्मा) पैलतीराकडे निघाली आहे (निघाला आहे).*

मी तो वाचला. ती असती तर मान हलवून म्हणाली असती, नाही.

*

मुलीला फोनवर चित्राचा फोटो पाठवला. ती परगावी नोकरीला असते आणि माझ्याशी बोलताना मागे कुणीतरी तिच्याशी कायम बोलत असतं. तिनं लगेच कळवलं की बाबा, तो गोळा म्हणजे मी आहे. लहानपणी आई मला पोहायला न्यायची, मी टायरमधे बसायचे, आठवतं ना? काळा टायर. आणि पांढरं म्हणजे माझी टोपी.

मी विचारलं, काठी?

ती म्हणाली, बाबा, चित्रातल्या प्रत्येक गोष्टीचा हिशेब लागत नाही. मग म्हणाली, तुम्ही कुठे आहात हो त्यात?

मी म्हटलं, मी कशाला असेन. मी फोटो काढणाऱ्याच्या जागी असेन.

हे उत्तर मला सुचलं याचा मला तेवढ्यापुरता अभिमान वाटला. फोन ठेवल्यावर मी भिंग घेऊन चित्राचा कोपरान् कोपरा बघितला. खरोखर कुठे नव्हतो.

*

मग मेहुणे. म्हणजे तिचा धाकटा भाऊ. याला कुणी बोलावलं नव्हतं. मुलीनं मामाला फोटो पाठवला आणि मामा पहिल्या बसनं हजर झाला. दारातूनच त्यानं चित्र पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि डोळे पुसले.

"दाजी," तो म्हणाला, "आमचं तळं."

मी म्हटलं, तळं मी आधीच म्हणून पाहिलंय, ती नाही म्हणाली होती.

तो म्हणाला, तुम्ही कुठलंतरी तळं म्हणाला असाल. हे आमचं आहे. आणि ही आमची चंद्री.

चंद्री म्हणजे म्हैस. संध्याकाळी पाण्यात जाऊन बसायची ती उठायचीच नाही, ताई काठी घेऊन काठावर उभी राहून हाका मारायची, ही ती काठी. पांढरा ठिपका? बगळा. म्हशीच्या पाठीवर बगळा बसतोच, दाजी, तुम्ही शहरातले.

ऐकायला ते अगदी बरोबर बसत होतं. गोळा, काठी, ठिपका, तिन्हीचा हिशेब लागत होता. म्हणजे शेवटच्या काही महिन्यांत, माझ्यासमोर सतरंजीवर बसून, माझ्या चहाच्या कपात सुरी बुचकळत, माझी बायको म्हैस काढत होती. मला म्हशीबद्दल आकस नाही. पण एका माणसाला आपण चित्रात नाही हे एकवेळ सहन होतं. आपण नाही आणि मेहुण्याची म्हैस आहे, हे जड जातं.

मेहुणा दोन दिवस राहिला. जाताना परस्पर बाईंना भेटून स्वतःच्या हस्ताक्षरात एक कार्ड देऊन गेला: माहेर. त्याच संध्याकाळी मॅनेजरांनीही एक दिलं, टाइप करून: वादळवाटेवर एकाकी नौका. वहिनींनी तोंडी सांगितलं. बाईंचा फोन आला की काका, तुमच्या एका चित्रासाठी माझ्याकडे अडीच अर्थ आलेत आणि तुमचा एकही नाही.

*

दरम्यान हॉल.

प्रदर्शनाचा हॉल सरकारी आहे, आणि तिथे चित्र लावायला अर्ज करावा लागतो. खिडकीमागे एक कारकून होता. माझं अर्धं आयुष्य खिडकीच्या त्या बाजूला गेलं असल्यामुळे मी त्याच्याकडे आपुलकीनं बघितलं. त्यानं बघितलं नाही.

"चित्रकाराची सही राहिलीय."

"ती नाही."

"बाहेरगावी?"

"नाही."

"मग घेऊन या की. साडेपाचपर्यंत आहे मी."

मी दाखला काढून त्याच्यापुढे सरकवला. त्यानं वाचला. त्याचे कान लाल झाले. ओशाळलेला माणूस पहिल्यांदा नियम शोधतो, हे मी आमच्याही खात्यात पाहिलंय; त्यानं ड्रॉवर उघडला, बंद केला, साहेबांना विचारून आला, आणि मला 'चित्रकाराच्या वतीनं' असं लिहून त्याखाली सही करायला सांगितली. मी केली. आयुष्यात तिच्या वतीनं मी पुष्कळ ठिकाणी सह्या केल्या होत्या, गॅसच्या पावतीपासून मुलीच्या प्रगतिपुस्तकापर्यंत.

मग चार चौकोन. मी विचारलं, सूर्यास्त कशात येतो? तो म्हणाला, निसर्ग. मी निळ्या शाईनं खूण केली.

*

या सगळ्या सल्ल्यांतून मला एवढंच कळलं की चित्र नीट बघायला हवं, आणि नीट बघायचं तर ते भिंतीवर हवं. खाली टेकवलेलं चित्र माणूस पादत्राणांसारखं बघतो.

तेव्हा मी खिळा ठोकला.

भिंत आधी वाजवून बघितली नाही. खिळा लोण्यात सुरी जावी तसा गेला, आणि त्याच्यामागून ताटाएवढा गिलावा खाली आला. मागे ओल होती. काळी, जुनी, बुळबुळीत ओल. दोनेक वर्षांपूर्वी गच्चीचं वॉटरप्रूफिंग आमच्या सोसायटीनं केलं होतं; सोसायटीचा सेक्रेटरी मी; काम चोख झाल्याच्या कागदावर सही माझी. गिलावा पडल्याचा आवाज ऐकून मॅनेजर वर आले. त्यांनी ओल बघितली आणि मग, जणू माझ्या तोंडून कबुली मिळाली असावी अशा आवाजात, म्हणाले की त्यांच्याही न्हाणीघराचं छत गेले कित्येक महिने रडतंय, पण माझ्या दुःखाच्या दिवसांत त्यांना बोलावंसं वाटलं नाही.

सभा भरली. सभेत एकानं विचारलं की सेक्रेटरींनी गच्चीची चाचणी स्वतः केली होती ना? मी म्हटलं, हो, स्वतः, अनवाणी. दुसऱ्यानं विचारलं, मग गळतं कसं? या प्रश्नाला उत्तर असतं तर जगात सोसायट्या उरल्या नसत्या.

ठरलं की गळतीवाल्याला परत बोलवायचं. गळतीवाला आला, भिंतीला कान लावून उभा राहिला, आणि म्हणाला, परत पाणी भरून बघावं लागेल.

ज्यांना वरच्या मजल्यावर राहायचं दुर्भाग्य लाभलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. गच्ची कुठून गळते ते शोधायचं तर गच्चीतलं पाणी जायचं भोक बुजवतात आणि सगळ्या गच्चीत घोटाभर पाणी भरून ठेवतात. मग खाली जाऊन छत बघत बसायचं. भोक नीट बुजलंय की नाही हे मात्र वर जाऊन सारखं तपासावं लागतं, नाहीतर पाणी गुपचूप निघून जातं आणि सगळे समजतात गच्ची बरी झाली. मागच्या वेळी हे तपासायचं काम मी कुणावर सोडलं नव्हतं. गेल्या वेळी मी त्या भोकापाशी इतका वेळ उकिडवा बसलो होतो की ती म्हणायची, तुम्हाला आता सोसायटीनं तिथेच पुतळा म्हणून ठेवावं.

*

खोलीत गिलावा फोडायचं काम निघालं. धूळ उडणार. मी चित्र चादरीत गुंडाळलं आणि ठेवायला जागा शोधू लागलो. मॅनेजरांकडे ठेवलं असतं तर त्यांनी त्याखाली कार्ड लावलं असतं. शेवटी मी ते वर नेलं, जिन्याच्या माथ्यावर, गच्चीच्या दाराच्या आत, कोरड्या पायरीवर भिंतीला टेकवलं. चादर सरकली ती सरकली; मी ती परत लावली नाही.

गच्चीत पाणी भरून झालं होतं. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, बोळा सुटला असला तर म्हणून आणखी एक जुनी बनियन खांद्यावर टाकली, काठी घेतली. काठी लागते, बोळा आत जास्त गेला की ओढून काढायला आणि सुटला की ठोसायला. पाण्यातून चालत कोपऱ्यातल्या भोकापाशी गेलो, उकिडवा बसलो आणि बोळा तपासला. घट्ट होता. उठताना गुडघ्यानं आवाज केला, म्हणून काठी तिथेच कठड्याच्या फटीत खोचली आणि हात मोकळे करून दोन्ही गुडघे धरून परतलो. संध्याकाळ होत होती, पण गच्चीत पाणी असलं की माणूस पायाखाली बघतो.

दारापाशी येऊन मी वळलो.

समोर सगळं नारिंगी होतं. सूर्य कठड्याच्या वर हातभर उरला होता आणि तेवढाच खाली पाण्यात उतरला होता. वारा होता, त्यामुळे खालचं नारिंगी हलत होतं. पाणी संपतं तिथे कठड्याची काळपट रेघ. त्या रेघेमागे शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या, तीन ठोकळे. माझ्या दोन्ही खांद्यांना दाराची चौकट लागत होती, करडी, रंग उडालेली, डावीकडे एक पट्टा, उजवीकडे एक पट्टा.

मी पायरीवरचं चित्र बघितलं. परत गच्ची बघितली. मी हे तपासलं नाही. बघितलं.

उजवीकडे, कोपऱ्यात, डोलकाठी जागच्या जागी उभी होती. होडी नव्हती. होडी ओल्या पायांनी दारात उभी होती.

मी दाराशी त्याच पायरीवर बसलो. बनियन खांद्यावर होती, ती मी मांडीवर ठेवली. मागच्या वेळी माझ्याकडे ही नव्हती, दुसरी होती, पण तीही पांढरीच होती. वहिनींना हे कसं सांगायचं, असा एक विचार आला. मग तोही गेला. खालून गळतीवाला हाका मारून विचारत होता की साहेब, बोळा धरलाय का. धरला होता.

ती इथे उभी राहिली होती. मला आठवलं, तेव्हाही मी त्या कोपऱ्यात होतो आणि दारात कुणीतरी आल्याचं मला नुसतं जाणवलं होतं. मी मान न वळवता ओरडलो होतो की पाणी आहे, आत येऊ नकोस, चपला भिजतील. ती म्हणाली होती, "चालू द्या तुमचं." काही काम होतं का, मी विचारलं. ती म्हणाली, "काही नाही. उगाच आले." आणि लगेच गेली नव्हती. बराच वेळ तिथे उभी होती. मला वाटलं, सूर्य बघतेय.

*

दुसऱ्या दिवशी मी हॉलच्या खिडकीशी गेलो. चित्र बरोबर घेतलं होतं. मला अर्जात एक दुरुस्ती करायची आहे, मी कारकुनाला सांगितलं. निसर्गावरची खूण काढून व्यक्तीवर करायची आहे.

त्यानं चित्र बघितलं. मग मला बघितलं.

"यात माणूस कुठाय?"

मी बोट ठेवलं.

"ही तर होडी आहे, काका."

"मी आहे तो."

"तुम्ही?" तो वाकला. "पाण्यात बसून काय करताय?"

"बोळा बघतोय. गच्ची आहे ती. आमची."

तो थोडा वेळ बघत राहिला. "आणि हे पांढरं?"

"बनियन."

त्याला हसायचं होतं. पण त्याचे कान परत लाल झाले आणि त्यानं परत ड्रॉवर उघडला. म्हणाला, व्यक्तीचं चित्र असेल तर ज्याचं चित्र आहे त्याची लेखी संमती लागते. नियमच आहे. हरकत येते नाहीतर. मी म्हटलं, कुठे सही करू? त्यानं अर्ज वळवून जागा दाखवली. 'चित्रकाराच्या वतीनं' याच्या बरोबर खाली ती जागा होती. मी सही केली. एकाच कागदावर, एकाखाली एक.

त्यानं दोन्ही सह्या ताडून पाहिल्या. "सारख्याच आहेत," तो म्हणाला.

"असणारच."

"चालेल," तो म्हणाला आणि शिक्का मारला.

बाईंना कार्ड दिलं. त्यांनी वाचलं आणि विचारलं, चार ओळींची जागा आहे, काका, अजून काही? मी म्हटलं, नको. कार्डावर वर चित्राचं नाव होतं, 'गच्ची'. खाली अर्थाच्या जागी एकच शब्द लिहिला होता.

*ओळखलं.*

प्रदर्शनात मेहुणा आला होता. चित्रासमोर उभा राहून तो शेजारच्याला म्हशीबद्दल सांगत होता. मॅनेजर होडीवर ठाम आहेत. वहिनींना मी बनियनबद्दल सांगितलं नाही. त्यांचा आत्मा त्यांच्याकडे राहू दे. मुलीला सांगितलं. त्या वेळी तिच्यामागे कुणी बोलत नव्हतं.

गच्ची अजून गळते.

मागच्या वेळच्या त्या संध्याकाळी ती गच्चीवर आली होती, ते डॉक्टर काय म्हणाले हे मला सांगायला. सांगितलं तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी, पाणी उतरल्यावर.